मधली सुट्टी शिक्षेत जाऊ नये

मागच्या अंकात दप्तराच्या ओझ्याबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज खेळायची सुट्टी मिळालीच पाहिजे, आणि ती कोणाला काढून घेता येऊ नये. मूळ लेखावर आली नाहीत तेवढी पत्रं या एका वाक्यावर आली. बहुतेक यवतमाळ, वाशीम, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांतली आहेत, म्हणून आजचं सगळं सदर याच विषयाला. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, त्यातली बरीचशी पैनगंगेच्या काठच्या गावांत. जे लिहिते ते तिथं पाहिलेलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांची आणि शाळांची नावं मुद्दाम देत नाही.

प्रश्न : ताई, माही पोरगी तिसरीत आहे. गृहपाठ झाला नाही का सर तिले मधल्या सुट्टीत वर्गातच बसवतात. सध्या कापूस वेचाले आम्ही दोघंही सकाळीच वावरात जातो, ते दिवस बुडाल्यावर येतो. लहान्या भावाले तीच पाह्यते. अभ्यास कधी करन? दिवाळीपासून तिचं मैदानात जाणं बंदच झालं म्हणा ना. आता रोज सकाळी पोट दुखते म्हणते, शाळेत जात नाही म्हणते. मी सातवीपर्यंतच शिकली. सरले बोलाले गेलं तर पोरीवरच राग काढतीन, याचं भेव वाटते. काय करू? — एक आई, ता. दारव्हा

उत्तर : ताई, अभ्यास का होत नाही आणि पोट कधी दुखतं, या दोन्ही गोष्टी तुम्ही बरोबर हेरल्या आहेत. शाळेत जाऊन एवढंच सांगायचं आहे, त्याला सातवी पुष्कळ झाली.

आधी हे पक्कं समजून घ्या की तुम्ही कोणाची मेहेरबानी मागायला जात नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने पुढे शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शारीरिक शिक्षा कशाकशाला म्हणायचं ते लिहिलं आहे. मारणं, कान ओढणं, बाकावर उभं करणं हे आहेच, पण मुलाला वर्गात किंवा शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत अडकवून ठेवणं हेही त्यात आहे.

सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सुट्टीत वर्गात बसवणं ही शिक्षा आहे, असं पुष्कळ चांगल्या शिक्षकांच्याही मनात येत नाही. छडी बंद झाली, रागावलं तरी तक्रार होते, मग हातात उरली ती सुट्टी. ‘लिहून झालं की जा’ म्हणायचं आणि दाराशी उभं राहायचं. पण जरा वर्गात डोकावून बघा, रोज आत बसलेली मुलं कोण असतात? तीच ती पाच-सहा. ज्यांच्या घरी वही बघायला कोणी नाही, ज्यांच्या मायबापांची वेचणी चालू आहे, ज्यांच्या कडेवर लहान भाऊ आहे. घरी वही उघडायला मिळत नाही म्हणून शाळेतला खेळही जातो. ही मुलं सकाळपासून बसलेली, सुट्टीतही बसलेली, आणि दुपारच्या गणिताला त्यांचं लक्ष कुठून लागणार? वही पुरी होते, पण ती फळ्यावरची नक्कल असते. सुट्टी कापून शिकलेलं पोर मला अजून दिसलेलं नाही.

आता बोलायचं कसं. फोनवर बोलू नका, आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. चारचौघांत वाचलं की सरांचा हट्ट होतो. बाजाराच्या दिवशी वेचणी नसेल तर परिपाठाच्या आधी, दहा-सव्वादहाला जा. पोरीला सोबत घेऊ नका. कायद्याचं नाव पहिल्या भेटीत काढू नका. घरची परिस्थिती जशी मला लिहिली तशीच सांगा आणि मग एकच मागा : ‘सर, तिचा गृहपाठ थोडा कमी द्या, नाहीतर शाळेतच एखाद्या तासाला करून घ्या. मधल्या सुट्टीत तिला बाहेर सोडा.’ बरेच शिक्षक इथेच ऐकतात. त्यांना घरचं माहीत नसतं, आणि पोरगी स्वतः सांगत नाही.

नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापक, आणि त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे तुमच्या गल्लीतली, तुमच्याबरोबर वेचणीला येणारी एखादी बाई त्यावर असेल. तिला सांगा की बैठकीत विषय घे, पण एका पोरीचा म्हणून घेऊ नको. ‘शाळेत कोणाचीही मधली सुट्टी बंद करायची नाही’ असा सगळ्यांसाठी ठराव मांड. मग राग काढायला तुमची एकटी पोरगी समोर उरत नाही. पोरीचं नाव न घेता काम होणं तुमच्यासारख्या आईला गरजेचं आहे, मला त्याची जाणीव आहे.

पोटाचं मात्र थांबवून ठेवू नका. सुट्टीत बाहेर न सोडलेल्या मुली लघवीला जायचं विचारत नाहीत, दाबून बसतात. पाणीही मुद्दाम कमी पितात. तिला मायेने विचारा की शाळेत लघवीला जाते का, जळजळ होते का. उपकेंद्रातल्या सिस्टरला दाखवून घ्या.

प्रश्न : मॅडम, आमची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. त्यातला एक शिक्षक महिन्यातून कितीदा तरी बैठकीला, प्रशिक्षणाला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला बसलेला. मधल्या सुट्टीचा वेळ खिचडी वाटण्यात आणि ताटं धुण्यातच संपतो. खेळायला सोडलं आणि एखाद्याचा हात मोडला तर गाव आम्हालाच धरतं. तुम्ही लिहिता रोज खेळ द्या. वेळ कुठून आणायचा आणि जबाबदारी कोण घेणार? — एक शिक्षक, ता. रिसोड

उत्तर : गुरुजी, दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. वेळेचा हिशोब मात्र कागदावर मांडून बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. साडेदहा ते पाच शाळा असेल तर हाताशी साडेसहा तास आहेत. परिपाठ, हजेरी, जेवण सगळं वजा करा, तरी खेळाला जागा निघते. त्याच अनुसूचीत शाळेला मैदान असावं आणि प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य मिळावं असंही आहे. मधल्या सुट्टीची मिनिटं तेवढी कायद्याने लिहिलेली नाहीत, आणि त्या रिकाम्या जागेतूनच ती गळते. म्हणून माझा आग्रह आहे की ती वेळापत्रकात लिहा. फळ्याच्या वर भिंतीवर लावता ना, त्या वेळापत्रकात भाषा, गणित याच्यासारखीच ओळ : खेळाची सुट्टी, वीस मिनिटं, रोज.

तुम्ही म्हणता तसं जेवण आणि खेळ एकाच सुट्टीत कोंबले की खेळ मरतो. पन्नास-साठ पोरं, एक नळ, त्याला करंगळीएवढी धार. चौथीची पोरं पुढे घुसतात, ताटं धुऊन मोकळी होतात आणि मैदान गाठतात. पहिलीचं पोरगं भात अजून निवतो की नाही बघत बसलेलं असतं. ते एकेक दाणा मटकीचा वेगळा काढतं, मग ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभं राहतं, आणि त्याचं ताट नळाखाली जायला आणि घंटी व्हायला एकच गाठ पडते. त्या पोराने त्या दिवशी धावून पाहिलेलं नसतं. असं ते वर्षभर चालतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मैदानावर पोरं दिसत असतात.

म्हणून दोन सुट्ट्या वेगळ्या करा. पावणेबाराच्या सुमाराला वीस मिनिटं निव्वळ खेळ आणि पाणी. जेवणाची सुट्टी नंतर, तिला तिचा वेळ. वाढताना पहिली-दुसरी आधी. नळावर गर्दी होत असेल तर खिचडी करणाऱ्या बाईंना सांगून दोन घमेल्यांत पाणी काढून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागली की खेळ पहिल्या तासालाच घ्या, दहानंतर आपल्याकडे अंगण तापतं. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तर खेळाची वेळही आपली आपणच ठरवलेली बरी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरून ठेवतो, तेव्हा ओसरीवर सागरगोटे, अष्टचंगा चालू द्या. जमल्यास ग्रामपंचायतीकडून मैदानाच्या एका कोपऱ्यात दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून घ्या. चारही वर्गांना एवढा कोपरा पुरतो.

जबाबदारीचं म्हणाल, तर हात मोडतो तो बहुधा कोणी बघत नसलेल्या जागी. सोमवारी पोरं यायच्या आत मैदानाला एक फेरी मारा : बाभळीचे काटे, फुटकी बाटली, कुंपणाची लोंबती तार, बोअरच्या ओट्यावरचं शेवाळ. पावसाळ्यात गवत कापून घ्या, भिंतीशी रचलेले दगड-विटा हलवा, तिथे घोणस बसते. सुट्टीत एक शिक्षक लिंबाखाली उभा, फोन खिशात. दुसरा चहा पिईल, उद्या पाळी बदलेल. शिक्षकालाही श्वास घ्यायला पाहिजे, ते मी मनापासून सांगते. गुडघा फुटला तर मलम लावा आणि त्याच दिवशी घरी निरोप द्या. लपवलं की गाव चिडतं, सांगितलं तर चिडत नाही. आणि सुट्टीतला तो खेळ तुम्ही शिकवू नका. शिट्टी, रांगा, कवायत यांना खेळाचा तास आहे. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. शिकवलेल्या खेळाची मोठी परंपरा आपल्या घरची आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्या वीस मिनिटांत डाव कोणाचा, गडी कोण, हे पोरांनीच ठरवावं.

प्रश्न : बाई, मी शेतकरी माणूस, वय सत्तरीच्या घरात. शहरातल्या पोट्ट्यांना खेळायला जागा नाही, त्यांना शाळेत सुट्टी द्या, पटते. आमच्या खेड्यातले पोट्टे तर दिवसभर उनाडतात. नदीवर जातात, बोरं पाडतात, ढोरांमागं हिंडतात. त्यांना शाळेत बसवून दोन अक्षरं शिकवायची सोडून अजून खेळायला काहून सोडायचं? — एक आजोबा, ता. पुसद

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण असं पुष्कळांना वाटतं आणि कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणता ते पोट्टे कोण, ते आठवून बघा. नदीवर कोण जातं? बोरं कोण पाडतं? दहा वर्षांची पोरगी कधी नदीवर डुंबताना दिसली का? ती शाळेतून आली की दप्तर ठेवते आणि हंडा-गुंड घेऊन पाण्याला जाते. मग भांडी, मग भावाला सांभाळणं, माय यायच्या आत चूल पेटवणं. रविवारी तूर सोंगायला, नाहीतर शेंगा तोडायला. तिच्या अख्ख्या दिवसात जिथं कोणी काम सांगत नाही अशी जागा एकच, शाळेचं मैदान. ती सुट्टी कापली तर तिचं खेळणं संपलं, तिला संध्याकाळ नाही. माझ्या शाळेत एक पोरगी कवेलूचा एक तुकडा गुळगुळीत घासून कंपासपेटीत ठेवायची. सुट्टी झाली की धुळीत चौकोन काढायचे आणि टिक्कर-बिल्ला. बिल्ला रेघेवर पडला की आत, यावर दोन मुलींचा वाद जुंपायचा. मी ओट्यावरून बघत राहायची, मध्ये पडायची नाही. एक म्हणायची रेघेला लागला, दुसरी म्हणायची निम्म्याच्या वर आत आहे. मग तिसरी वाकून, गाल मातीला लावून बघायची आणि निकाल द्यायची. तो निकाल दोघी मानायच्या, कारण मानला नाही तर डाव मोडतो आणि घंटी व्हायला थोडाच वेळ उरलेला असतो. गावातल्या कुठल्या पंचायतीत या वयाच्या पोरींना कोणी असं ऐकून घेतं?

दुसरं, तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोलाम पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत. पहिलीत आलेलं लेकरू घरी कोलामी नाहीतर गोरमाटी बोलतं. वर्गात मराठी पुस्तक उघडलं की ते मुकं होतं. मास्तरांना वाटतं याला येत नाही. त्याच लेकराला मैदानात सोडा. ‘माझा डाव आहे’, ‘तू औट झाला’, ‘खोटं बोलतो’ हे तीन आठवड्यांत बोलतं, कारण बोललं नाही तर डाव जातो. वर्गातलं तोंड मागाहून उघडतं. ही मराठी मी फळ्यावर कितीही लिहिली असती तरी तशी लवकर आली नसती.

आणि उनाडणाऱ्या पोट्ट्यांनाही सुट्टी लागतेच. सकाळी नदीवर पोहून आलेलं पोर म्हणून चार तास हलत नाही, असं होत नाही. तुम्ही सकाळी वखरावर बैल चालवले म्हणून दुपारी त्यांना जुवाखालीच उभं ठेवता का? सावलीत सोडता, पाणी दाखवता.

प्रश्न : मुलगा पाचवीत, तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. सकाळी व्हॅनने जातो, दुपारी उशिरा येतो. यंदा नवोदय आणि शिष्यवृत्ती म्हणून शाळेने सुट्टी पंधरा मिनिटांवर आणली आणि उरलेल्या वेळात सराव प्रश्नपत्रिका ठेवल्या. मला तर बरं वाटलं. तुमचं वाचून मन चलबिचल झालं. मुलाचा फायदा कशात? — एक वडील, ता. आर्वी

उत्तर : फायदा परीक्षेचाच धरू, कारण तुमची काळजी ती आहे आणि ती रास्त आहे. नवोदय लागलं तर पोराचं आयुष्य बदलतं, मी अशी घरं पाहिली आहेत.

अमेरिकेत १९९८ साली चौथीच्या मुलांचा एक अभ्यास झाला. सुट्टी मिळालेल्या दिवशी ती मुलं कामात जास्त लक्ष देत होती आणि जागेवर चुळबुळ कमी करत होती. पुढे २००९ मध्ये आठ-नऊ वर्षांच्या दहा हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली. रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सुट्टी मिळणाऱ्या मुलांची वर्गातली वागणूक त्यांच्या शिक्षकांनी अधिक चांगली नोंदवली होती. फिनलंडमध्ये साधारण पंचेचाळीस मिनिटं शिकवलं की पंधरा मिनिटं मुलं बाहेर, थंडीतसुद्धा. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल सांगते. तुमच्या मुलाची बेरीज करून बघा. व्हॅनमध्ये बसलेला, वर्गात बसलेला, परत व्हॅनमध्ये, घरी आल्यावर शिकवणीला, मग मोबाइल. साठ मिनिटं कुठे सापडतात?

पंधरा मिनिटांत पाचवीचं पोर डबा खातं, हात धुतं, झालं. सराव प्रश्नपत्रिका जरूर सोडवू द्या, पण सुट्टीनंतरच्या तासाला. इतर दोन-चार पालकांना घेऊन शाळेत एवढंच मागा की डब्याचा वेळ वेगळा आणि खेळाचा वेगळा. शाळा तुमच्या फीवर चालते, तुम्ही सगळे मिळून बोललात तर ऐकते.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. तो सांगतो की तिकडे काही राज्यांत शाळेत खेळायची सुट्टी द्यावी असा कायदाच केला आहे. एवढ्या पुढारलेल्या देशात यासाठी कायदा का लागावा? आपल्याकडे तसा हवा का? — एक वाचक, वर्धा

उत्तर : लागला, कारण तिकडे सुट्टी नाहीशी होत चालली होती. २००२ साली तिथे सगळ्या देशासाठी एक शिक्षण कायदा झाला, त्यात वाचन आणि गणिताच्या चाचण्यांवर शाळेची किंमत ठरू लागली. चाचणीत नसलेल्या गोष्टींचा वेळ कापणं सुरू झालं, त्यात पहिली सापडली ती सुट्टी. फ्लोरिडा राज्यात आयांनी हा विषय हातात घेतला, वर्षानुवर्षं विधानसभेच्या पायऱ्या झिजवल्या आणि २०१७ मध्ये पाचवीपर्यंतच्या मुलांना रोज सलग वीस मिनिटं मोकळ्या खेळाची सुट्टी कायद्यात आणली. ऱ्होड आयलंडने त्याच्या आदल्या वर्षी केलं होतं. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२३ चा, तीस मिनिटांचा, आणि त्यात शिक्षा म्हणून सुट्टी काढून घ्यायलाही बंदी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं की सुट्टी हा मुलाचा स्वतःचा वेळ आहे, शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी तो घेऊ नये.

आपल्याकडे हवा का? माझं स्पष्ट मत, हवा. भारताने बालहक्कांच्या जागतिक करारावर १९९२ मध्येच संमती दिली आहे, त्याच्या ३१व्या कलमात मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहिलेला आहे. तो वेळापत्रकात उतरला नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि गणित करता यावं म्हणून २०२१ पासून निपुण भारत चालू आहे, उद्दिष्ट चांगलं आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण तिथलाच धोका इथंही आहे. चाचणी जवळ आली की केंद्रप्रमुखांचा फोन येतो आणि गावचा मास्तर पहिला खेळ बंद करतो. तुम्ही वर्ध्याचे आहात. १९३७ मध्ये तुमच्याच गावी झालेल्या शिक्षण परिषदेत हात चालतील तर डोकं चालेल, असं शिक्षण मांडलं गेलं आणि सेवाग्रामला ते सुरू झालं. हा आग्रह तुमच्या जिल्ह्यातून उठला तर मला आनंद होईल. राज्याचा कायदा होईल तेव्हा होईल, ग्रामसभेचा आणि शाळा समितीचा ठराव येत्या महिन्यात होऊ शकतो.

प्रश्न : आजी, मी चौथीत आहे. आमच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळतात. आम्ही मुली गेलो की म्हणतात बॉल लागेल, तिकडे जा. आम्ही पायरीवर बसून राहतो. सर म्हणतात तुम्ही पण खेळा, पण जागाच नाही. आम्ही काय करावं? — तुझी एक नात, ता. दर्यापूर

उत्तर : बाळा, पोस्टकार्ड पोहोचलं. अक्षर छान आहे.

पायरीवर बसू नका. मैदान शाळेचं आहे, म्हणजे निम्मं तुमचं आहे. तुम्ही सगळ्या मुली मिळून सरांकडे जा, एकटी जाऊ नको. ‘आम्ही पण खेळू’ एवढंच म्हटलं तर सर पुन्हा ‘खेळा ना’ म्हणतील. म्हणून नेमकं मागा : सोमवार, बुधवार, शुक्रवार मोठ्या बाजूला मुली, मंगळवार, गुरुवार, शनिवार मुलं. किंवा मधोमध फक्कीची रेघ ओढून द्या म्हणा, बॉल रेघेच्या पलीकडे आला तर बॅटिंगवाला आऊट. हा नियम मी एका शाळेत लावून पाहिला आहे, मुलं आपोआप जमिनीलगत मारायला शिकतात. नियम परिपाठात सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा, म्हणजे कोणी माहीत नाही म्हणणार नाही.

आणि पहिल्या दिवशी लंगडी लावा. तिला साहित्य लागत नाही, पंधरा-वीस जणी मावतात, आणि पहिली-दुसरीच्या लहान मुलींनाही घेता येतं. त्यांना पायरीवर सोडून जाऊ नका. त्या चिडल्या, रडल्या तरी एक डाव त्यांना जास्त द्या. मुलांपैकी कोणी खेळायला मागितलं तर घ्या, फक्त धरायचं राज्य त्याच्यावर.